शब्दचर्चा : ‘मूव्ह’ला काय म्हणायचं?

विचारणा
मंगळागौरीच्या खेळांचा, सगळ्यांनी मिळून चालवायचा व्हिडिओ-संग्रह उभा करायचा आहे. एकेका हालचालीचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा वेगळा ठेवायचा, म्हणजे शिकणारीला नेमकं तेवढंच पाहता येईल. अशा हालचालीला, ‘मूव्ह’ला, मराठीत काय म्हणावं? ‘पदन्यास’ चालेल का?

उत्तर
पदन्यास पावलांपुरता. उभ्या फुगडीत पावलं जवळजवळ जागच्या जागी असतात. खरी करामत पकडीत आणि पाठीत असते: हातांची कैची (उजव्यात उजवा, डाव्यात डावा), चवडे एकमेकींना भिडलेले, गुडघे ताठ, अंग मागे झोकलेलं. हे सगळं ‘पदन्यास’मध्ये मावत नाही. ‘अदा’ म्हटलं की लावणी डोळ्यांसमोर येते, ‘तोडा’ म्हटलं की कथक.

अर्थाने सर्वांत नेमका शब्द नाट्यशास्त्रातला ‘करण’. हात आणि पाय यांचा मेळ म्हणजे करण. ती १०८ आहेत आणि तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरांत (प्रवेशद्वारांवरच्या मनोऱ्यांत) कोरलेली आहेत. पूर्वेच्या गोपुरात तर शिल्पासोबत त्याचा श्लोकही आहे, म्हणजे चित्र आणि नाव एकाच जागी. तुम्हाला हवं ते हेच. पण मराठी माणसाला करण म्हटलं की पंचांगातलं पाचवं अंग आठवतं, म्हणून मी तो शब्द सुचवणार नाही.

त्यावर
एकच शब्द शोधूच नका. बायका बोलतात तशा तीन पायऱ्या ठेवा: खेळ, प्रकार आणि त्याचे घटक. फुगडी हा खेळ. दंडफुगडी, बसफुगडी हे प्रकार. पकड, पावली, फेर, गिरकी, पकवा हे घटक. ‘पावली’ वारीत रोज कानावर पडते, त्यामुळे ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पकवा म्हणजे तोंडाने काढलेला ठेक्याचा आवाज. त्याची स्वतंत्र नोंद कराच, कारण ध्वनीकडे दुर्लक्ष झालं की पहिल्यांदा तोच हरवतो. माइक लांब असेल तर गाणं ऐकू येतं, पकवा येत नाही.

‘स्टेप’ला मात्र हाकलू नका. ‘स्टेप बसली’, ‘स्टेप चुकली’ असंच सगळ्या म्हणतात, त्यामुळे शोधताना टाइपही तेच करणार. शोधशब्दांत तो असू द्या.

आणि क्रियापदं सांभाळा. फुगडी घालतात, पिंगा घालतात, झिम्मा खेळतात, फेर धरतात, गोफ विणतात. ‘गोफ करणे’ असं शीर्षक दिसलं तर ते लगेच दुरुस्त करा. गोफाचं चित्रण विणण्यापाशी थांबवू नका. तो उलट पावलांनी उकलतात, आणि चूक होते ती बहुधा तिथेच. उकलण्याचा तुकडाही वेगळा ठेवा.

आणखी एक
एकच नाव आणि खेळ दोन, याचीही सोय हवी. देशावर फुगडी म्हणजे बहुतेकदा जोडीची गिरकी. गोव्यात फुगडी म्हणजे सगळ्या बायकांनी मिळून गात घालायचं नृत्य, आणि कळशी फुगडीत तर कळशीच्या तोंडात फुंकून आवाज काढतात. नाव सारखं म्हणून दोन्ही एका नोंदीत घातली तर दोघींवर अन्याय होईल. नावापुढे प्रदेश लिहा. उलट, खेळ एक आणि नावं चार असतील तर नोंद एकच ठेवून चारही नावं तिच्यात द्या. ‘शुद्ध’ नाव कोणतं, हा वाद संग्रहात नको.

दिशेबद्दल
‘सव्य-अपसव्य’ टाळा. संस्कृतात सव्य म्हणजे मुख्यतः डावा, मराठीत आपण उजवा समजतो. ‘उजवीकडून’ही फसवं आहे: कोणाच्या उजवीकडून? फेरासाठी ‘प्रदक्षिणेच्या दिशेने’ आणि ‘उलट’ एवढे दोन शब्द पुरतात. प्रदक्षिणेत मध्य आपल्या उजव्या हाताला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. काही फोन सेल्फी कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं साठवतात आणि फेराची दिशाच बदलते, म्हणून मागचाच कॅमेरा वापरा.

चित्रण सेकंदाला ५० फ्रेमनी करा. २५ वर गिरकीतली पावलं तुटक दिसतात. शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर बऱ्याच वेगांवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं. फोन आडवा, तिवईवर, कंबरेच्या उंचीला. नऊवारीचा घोळ घोट्याच्या वर घ्यायला सांगा, नाहीतर पावली दिसणारच नाही.

शेवटचं, टंकलेखनाचं
‘टिपऱ्या’ शोधून सापडत नसतील तर दोष संग्रहाचा नाही. यातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे उमटतो: एकदा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असलेल्या ‘ऱ’ने आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. नोंद चढवतानाच सगळे एका रूपात बदलून घ्या. फाइलच्या नावात रोमन अक्षरं आणि क्रमांक ठेवा, देवनागरी नाव नोंदीत लिहा.

आणि चित्रणाआधी भरून घ्यायच्या अर्जावर ‘परवानगी’ऐवजी ‘संमती’ छापा. परवानगी सभागृहवाल्याची घ्यायची, संमती व्हिडिओत दिसणाऱ्या प्रत्येकीची.