तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या जनुकीय समुपदेशकाने आपले शिक्षण चालू कसे ठेवावे?

खोब्रागडीकाठ (जि. गडचिरोली)

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी एका ग्रामीण रुग्णालयात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) समुपदेशक म्हणून कंत्राटी पदावर काम करते. जनुकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर समुपदेशनाचा एक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केला आणि थेट कामाला लागले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून कामाचा भार फार वाढला आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करायची असल्यामुळे आश्रमशाळांपासून गावातल्या शिबिरांपर्यंत सगळीकडून अहवालांचे गठ्ठे येतात आणि प्रत्येक वाहकाला (सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या, स्वतः रुग्ण नसलेल्या व्यक्तीला) व त्याच्या घरच्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी शेवटी आमच्या टेबलावर येऊन पडते.

त्यातच खोलीबाहेरच्या पाटीवर ‘जनुकीय’ हा शब्द असल्यामुळे वैद्यकीय अधिकारी इतरही कुटुंबे माझ्याकडे पाठवतात. वारंवार गर्भपात झालेली बाई येते. पळताना पडू लागलेला आणि जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकवणारा मुलगा येतो, आणि त्याचा मामाही असाच अधू होऊन गेल्याचे आई सांगते. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्याची दोन्ही मुले जन्मतः कर्णबधिर असतात. अशा वेळी मी वंशावळ मांडते आणि नागपूरला किंवा सेवाग्रामला चिठ्ठी देते. मात्र विचारायला हवे ते सगळे विचारले गेले का, सांगितलेले त्यांना खरोखर उमजले का, हे मला कोणीही सांगत नाही, कारण या कामातले दुसरे माणूस आसपास नाही.

ऑनलाइन व्याख्यानांना मी नियमाने बसते. विषय बहुधा कर्करोगाच्या जनुक चाचण्यांचे किंवा संपूर्ण एक्सोम तपासणीचे (सर्व जनुकांतील प्रथिने घडवणारे भाग एकदम वाचण्याचे) असतात, ऐन रंगात आल्यावर नेटवर्क जाते, आणि तरीही प्रमाणपत्र मात्र न चुकता मिळते. कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी ‘वर्षभरात घेतलेले प्रशिक्षण’ असा रकाना भरावा लागत असल्याने ती प्रमाणपत्रे जपून ठेवते, पण त्यांतून माझे काम सुधारले असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही. माझ्यासारखीने वर्षभरात नेमके काय करावे, त्याची नोंद कशी ठेवावी, आणि भारतीय जनुकीय समुपदेशन मंडळाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी खर्च व श्रम करणे योग्य ठरेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

संत्र्याची_बाग (नागपूर)

ताई, आपण प्रश्नातच अर्धे उत्तर दिले आहे. ‘मला कोणीही सांगत नाही’ हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या व्यवसायात ज्ञान जुने होते हे खरे, परंतु त्याआधी बोलण्याच्या सवयी पक्क्या होतात, आणि त्या सवयी आपल्या आपल्याला दिसत नाहीत. त्यामुळे माझ्या मते वर्षभराच्या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ एकाच गोष्टीला द्यावा. आपण प्रत्यक्ष केलेले समुपदेशन दुसऱ्या समुपदेशकासमोर मांडावे आणि त्याच्याकडून ते तपासून घ्यावे.

याचे एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका नव्या समुपदेशिकेचे सत्र मी कोपऱ्यात बसून पाहिले होते. पती-पत्नी दोघेही वाहक होते आणि पहिले मूल सिकलसेलचे रुग्ण होते. तिने टेबलावर दोन वाट्या ठेवल्या आणि प्रत्येक वाटीत एक काळा चिंचोका व एक पांढरा वाल टाकला. मग नवऱ्याला एका वाटीतून व बायकोला दुसऱ्या वाटीतून डोळे मिटून एकेक दाणा उचलायला लावला. दोन्ही चिंचोके आले तर मूल रुग्ण, एक चिंचोका व एक वाल आला तर वाहक, दोन्ही वाल आले तर निर्दोष. मांडणी उत्तम होती आणि जोडपेही रमले होते. पण एकदा उचललेले दाणे तिने बाजूला ठेवले आणि पुढच्या मुलाविषयी तोंडी सांगू लागली. नवरा लगेच म्हणाला, ‘म्हणजे चारातला एक होऊन गेला, आता तीन चांगले.’ प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता पुन्हा तेवढीच, म्हणजे २५ टक्केच असते, हे सांगणारी कृती म्हणजे दाणे वाटीत परत टाकणे, आणि नेमकी तीच राहून गेली होती. ती मुलगी हुशार होती. आनुवंशिकतेच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. कोणतेही ऑनलाइन व्याख्यान ही उणीव तिच्या नजरेस आणू शकले नसते.

म्हणून आपल्यासारख्याच दुसऱ्या जिल्ह्यातील एका समुपदेशकाशी जोडी जमवावी. महिन्यातून एकदा प्रत्येकाने एक प्रकरण निवडावे. कुटुंबाची परवानगी असेल तर संभाषण ध्वनिमुद्रित करावे आणि जोडीदाराने ते ऐकून पुढील गोष्टी पाहाव्यात: कोण किती बोलले, कुटुंबाने विचारलेला पहिला प्रश्न उत्तरित झाला का, सांगून झाल्यावर त्यांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावले का, आणि निर्णय त्यांच्यावर सोडला की आपला कल नकळत लादला. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार नाजूक आहे. वाहक-वाहक लग्न टाळा, असे अभियानाच्या फलकांवरच लिहिलेले असल्यामुळे समुपदेशकही ‘हे लग्न करू नका’ अशा आदेशाच्या सुरात बोलू लागतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत ज्या समाजात मानाची आहे, तिथे असा आदेश ऐकून माणसे मान डोलावतात, घरी जाऊन ठरलेले लग्न लावतात आणि पुन्हा आपल्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

नोंदीसाठी जाड वहीच बरी. प्रकरणाचे टिपण नाव-गाव वगळून अर्ध्या पानात लिहावे आणि खाली जोडीदाराने काय दाखवले व पुढच्या सत्रात मी काय बदलले, हे तारीख टाकून नोंदवावे.

आता मंडळाच्या प्रमाणपत्राविषयी. अमेरिकेत समुपदेशकाला दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे ठरावीक तास दाखवावे लागतात. ब्रिटनमध्येही नोंदणीचे नूतनीकरण असते. आपल्याकडे तशी सक्ती अजून रुळलेली नाही. तरीही प्रमाणपत्रासाठी आपली प्रकरणे नीट लिहून काढण्याची जी तयारी करावी लागते, ती स्वतःच उत्तम प्रशिक्षण आहे, असे मी मानतो. एक गैरसमज मात्र दूर करतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे ‘क्रेडिट पॉइंट’ देणारी जी सत्रे असतात, ते गुण परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांसाठी आहेत. त्यांना पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागतात, त्यामुळे सभागृह भरलेले असते. आपण ज्ञानासाठी जरूर जावे, गुणांसाठी नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. नागपूरकडील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली आला होता. इतक्या वर्षांच्या परिचयानंतरही या भागात समुपदेशकांच्या देखरेखीची कायम व्यवस्था नसावी, याचे मला नेहमी वैषम्य वाटते.

---

कापूसवेचा (जि. यवतमाळ)

आदरणीय सरांना एक साधा प्रश्न विचारतो. मंडळाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर कंत्राटी मानधनात काही वाढ होते का?

संत्र्याची_बाग (नागपूर)

माझ्या पाहण्यात तरी झालेली नाही. अन्यत्र नोकरीसाठी अर्ज करताना मात्र त्याचे वजन पडते.

---

स्लाइड_आणि_सुई (जि. चंद्रपूर)

मी समुपदेशक नसून प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे, तरीही एक सूचना करतो. समुपदेशकांनी वर्षातून काही दिवस प्रयोगशाळेत बसावे. आमच्याकडून जाणाऱ्या कागदाला काय कळते आणि काय कळत नाही, हे ठाऊक नसेल तर समुपदेशन कितीही गोड भाषेत केले तरी त्याचा पायाच कच्चा राहतो.

सोल्युबिलिटी चाचणी (सिकल हिमोग्लोबिन शोधणारी साधी प्राथमिक चाचणी) ‘पॉझिटिव्ह’ आली याचा अर्थ सिकल हिमोग्लोबिन आहे एवढाच. माणूस वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्यामुळे ती चाचणी विश्वासार्ह नसते, आणि रक्तक्षय तीव्र असेल तर मोठ्यांतही ती फसू शकते. रुग्णाला नुकतेच रक्त चढवले असेल तर एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रचाचणीच्या) आलेखात दात्याचे हिमोग्लोबिन मिसळते आणि रुग्ण वाहकासारखा दिसू शकतो, म्हणून रक्त कधी दिले होते हे विचारल्याशिवाय अहवाल वाचू नये; साधारण तीन महिने थांबून तपासणी करणे चांगले.

सर्वांत मोठा खड्डा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी तयार होण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक विकाराचा आहे. बायको सिकलची वाहक आणि नवऱ्याची सोल्युबिलिटी ‘निगेटिव्ह’, म्हणून काही काळजी नाही, असे सांगून जोडप्याला परत पाठवले जाते. तो नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तर सोल्युबिलिटीत ते दिसतच नाही, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला सिकल-थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे जोडप्यातील एक जण वाहक असेल तर दुसऱ्याची एचपीएलसी व्हायलाच हवी. त्यातही लोहाची कमतरता असेल तर ज्याच्या वाढलेल्या प्रमाणावरून हा वाहक ओळखतात त्या ए-टू हिमोग्लोबिनचे प्रमाण खाली येऊ शकते आणि थॅलेसेमियाचा वाहक नजरेतून निसटतो. आपल्याकडील गर्भवतींमध्ये रक्तक्षय किती दिसतो, हे आपणांस सांगायला नको.

चंद्रपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनविकारांचे केंद्रही आहे. आपल्या अधिकाऱ्यांमार्फत रीतसर पत्र देऊन तेथे काही दिवस काम पाहता येईल का, हे विचारून पाहावे.

---

खोब्रागडीकाठ (जि. गडचिरोली)

आपणां सर्वांची मी ऋणी आहे. थॅलेसेमियाचा मुद्दा मी उद्याच आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ठेवते. ध्वनिमुद्रणाविषयी मात्र धाकधूक वाटते. आमच्याकडे मुलीला सिकल आहे हे कळले तर स्थळ मोडते, आणि आवाजावरूनही माणूस ओळखू येईल इतकी गावे लहान आहेत. शिवाय गर्भजल परीक्षणाविषयी विचारणारी जोडपी आता येऊ लागली आहेत; त्या बाबतीत कायद्याचे अद्ययावत ज्ञान कसे ठेवावे?

---

मेळघाट_घाटवळण (जि. अमरावती)

ध्वनिमुद्रणाबाबत मी ताईंच्या बाजूने आहे आणि सरांशी आदरपूर्वक असहमत आहे. परवानगीच्या कागदावर अंगठा उठवून घेणे सोपे असते; समोर बसलेल्या कोरकू किंवा माडिया बाईला आपण नाही म्हणू शकतो याची खात्री वाटणे, ही वेगळी गोष्ट आहे. मोबाइल हरवतो, दुरुस्तीला जातो, घरातली मुले हाताळतात. त्याऐवजी सत्र संपल्याबरोबर आठवेल तसे संभाषण लिहून काढावे आणि जोडीदारासोबत तेच प्रकरण पुन्हा साकारावे. एकाने नवरा व्हावे, दुसऱ्याने समुपदेशक. कुटुंबाची भूमिका करताना आपलीच वाक्ये कानावर किती जड पडतात, हे लगेच कळते. सरांचे निकष तेच ठेवावेत, फक्त साधन बदलावे.

कायद्याबाबत दोन मूळ मजकूर दरवर्षी एकदा स्वतः वाचावेत, कोणाच्या सारांशावर विसंबू नये. पहिला गर्भलिंग निदान प्रतिबंधाचा १९९४ चा कायदा व त्याचे नियम. हिमोग्लोबिनचे विकार हे प्रसूतिपूर्व निदानाचे मान्य कारण आहे, पण ते निदान नोंदणीकृत केंद्रातच व्हावे लागते आणि गर्भवतीची लेखी संमती लागते. जनुकीय समुपदेशन केंद्रालाही या कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याच्या नोंदींचा वेगळा नमुना आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. आपल्या खोलीचे काम त्यात कुठे बसते, हे जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. दुसरा मजकूर वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीचा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे लागते, आणि त्यापुढे गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो.

कायद्याची कलमे पाठ असली तरी आपल्या भागात खरा पेच आठवड्यांचा असतो. वारेचा नमुना साधारणपणे अकरा ते तेरा आठवड्यांत घेतात, गर्भजल पंधरा आठवड्यांनंतर. त्याआधी आई-वडिलांच्या रक्तातील जनुकदोष निश्चित झालेला असावा लागतो. भामरागडच्या किंवा धारणीच्या बाईची गर्भनोंदणी चौथ्या महिन्यात झाली की पहिला मार्ग बंद झालेला असतो आणि दुसऱ्यासाठीही धावपळ करावी लागते. त्यामुळे ज्यांचे दोघांचे तपासणीचे कार्ड वाहकाचे आहे अशा जोडप्यांची यादी आशाताईंजवळ असावी आणि पाळी चुकताच त्यांनी आपल्याला कळवावे, अशी सोय आम्ही केली आहे. या कामासाठी आशाताईंसोबत घालवलेली दुपारही मी माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत लिहितो, कारण कोणत्या घरात निर्णय सासू घेते आणि कोणत्या घरात मामा, हे मला तिथेच कळते.

उपचारांची माहितीही वर्षातून दोनदा तरी ताजी करावी. जनुक संपादनावर आधारित उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हा ‘सिकल बरा होतो’ अशा चित्रफिती आमच्या बाजारच्या गावापर्यंत पोहोचल्या आणि लोक जमीन विकायची भाषा करू लागले. उलट व्हॉक्सेलोटर हे सिकलवरचे गोळीचे औषध कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले, ही बातमी कोणी पाठवली नाही. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलवरचे नेहमीचे औषध घेणारी मुलगी लग्नाची झाली की गरोदरपणाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला तिला सांगणे, हेही आपलेच काम आहे.

आणि ती ऑनलाइन प्रमाणपत्रे फेकू नका. रकाना भरणाऱ्या बाबूला आपली जाड वही समजणार नाही, त्याला शिक्का लागतो. दोन्ही ठेवा.

जोडीदार हवा असल्यास मी तयार आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारनंतर मला वेळ असतो. कर्णबधिर मुलांच्या कुटुंबाचे टिपण ओळख पटेल असा सर्व तपशील वगळून आधी पाठवा, आणि वंशावळीत किमान तीन पिढ्या व दोन्ही बाजूंचे मामा-आत्या मांडलेले असू द्या, म्हणजे सुरुवात तिथूनच करता येईल.