थंडीत पळताना छाती आवळते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या टिळकवाडीची, वय ४३. पावसाळा संपल्यापासून रोज पहाटे साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पळते. ऑक्टोबरभर ५ किलोमीटर आरामात व्हायचे. पण थंडी वाढल्यापासून दुसऱ्या किलोमीटरलाच छाती आवळते, आणि घरी आल्यावर अर्धा तास कोरडा खोकला थांबत नाही. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, त्यात पहाटेचे धुके! थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात, हे ठाऊक आहे. म्हणून आधी दहा मिनिटे भरभर चालते, नाकातोंडावर सुती ओढणी बांधते. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. डॉक्टरांकडे या आठवड्यात जाणारच आहे.

तुमच्यापैकी कुणाला असे झाले होते का? वेळ सातची केली तर बरे वाटते का? की थंडीपुरते अंतर कमी करू?

आणखी एक. रविवारी येळ्ळूरकडून राजहंसगडाच्या चढावर जायचा विचार आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर अंधारातच निघतात, मागे दिवा नसतो, त्याची मला खरी भीती वाटते. त्या बाजूला कुणी पळत असाल तर सांगा, मी सोबत येईन.