मदत हवी आहे: जिप्सी किंगमध्ये तीन जादा मीटर बसवायचे आहेत, पण कंपनीचेच वाटले पाहिजेत

रानवाट

गाडी मारुती जिप्सी किंग, २०१२, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन), १२९८ सीसी. पाण्याच्या तापमानाचा काटा आहे, पण आकडे नाहीत, नुसते सी आणि एच. ऑइलला लाल दिवा आणि चार्जिंगलाही दिवाच. ताम्हिणी, वरंध यांसारख्या घाटांत सामान भरून लो गिअरमध्ये बराच वेळ जातो, त्यामुळे पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट असे ५२ मिमीचे तीन मीटर टाकायचे आहेत.

निळे-जांभळे लखलखणारे मीटर नको आहेत. काळी डायल, पांढऱ्या खुणा, केशरी काटा आणि रात्री बाकीच्या मीटरसारखाच मंद उजेड हवा. टेपची जागा रिकामी आहे, तिथेच तिन्ही एका ओळीत बसवायचा विचार आहे. अडचणी अशा:

१. मूळ मीटर रात्री हिरवट दिसतात. तो रंग कसा जुळवायचा? एलईडी घालू का?
२. ऑइलचा सेंडर (प्रेशर मोजून मीटरला कळवणारा सेन्सर) इंजिनच्या ब्लॉकवर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून बसवावा का? दुकानदार वनएट (१/८ इंची) एनपीटी आट्याची पितळी टी देतो आहे, "बसते" म्हणतो.
३. पाण्याचा सेंडर रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये अॅडॅप्टर घालून चालेल का?
४. तिन्ही मीटर बसवायची पट्टी कशाची करावी म्हणजे डॅशबोर्डला शोभेल?

चौदा_व्होल्ट

आधी रंगाचं सांगतो, कारण मीटर कुठले घ्यायचे ते त्यावर ठरतं.

क्लस्टर, म्हणजे मूळ मीटरचा संच, बाहेर काढा. मागच्या बाजूने बल्बचे होल्डर चतकोर फिरवले की निघतात. एक बल्ब काढून बघा. काचेवर हिरवी रबरी टोपी असेल किंवा काचच रंगवलेली असेल, तर रंग बल्बवरून येतो आहे. बल्ब साधा पांढरा निघाला, तर रंग डायलच्या पाठीमागच्या छपाईत किंवा मधल्या प्लॅस्टिकच्या फिल्टरमध्ये आहे. हे न बघता मीटर घेतले तर पुढे नुसते अंदाज करत बसाल.

दोन्ही बाबतीत नवे मीटर बल्बवर चालणारेच घ्या, आतच एलईडी बसवलेले घेऊ नका. व्हीडीओ कंपनीच्या काळ्या डायलच्या मीटरला पाठीमागून बल्ब लागतो आणि त्यावर चढवायला हिरव्या, लाल रबरी टोप्या मिळतात. तुमचा मूळ प्रकाश साध्या तारेच्या बल्बचा आहे, म्हणजे मुळात पिवळा. त्यावर हिरवा फिल्टर आला की पोपटी दिसतो. तोच फिल्टर पांढऱ्या एलईडीवर घातला तर निळसर हिरवा दिसेल, कारण पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो. शेजारी शेजारी ठेवले की हा फरक लगेच डोळ्यात भरतो.

रंग जुळला तरी उजेड कमी-जास्त राहतोच. नवा मीटर जास्त उजळ वाटला तर प्रत्येक बल्बच्या वायरमध्ये १५ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर घाला. २ वॉटचा बल्ब असेल तर साधारण दोन व्होल्ट कमी मिळतात. ऐकायला थोडे वाटतात, पण तारेच्या बल्बचा उजेड त्याने जवळजवळ चाळीस टक्के उतरतो. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत हे रेझिस्टर सहज मिळतील. १०, १५ आणि २२ ओहमचे तीन-तीन घेऊन ठेवा आणि लावून बघून ठरवा.

तुलना रात्रीच करा, आणि अंधारात दहा मिनिटं बसल्यावर. उजेडातून थेट येऊन बघितलं तर दोन्ही सारखेच मंद दिसतात. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा स्वतःच रंग बदलतो. मॅन्युअल मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर धरून ठेवता आला तरच फोटोला अर्थ आहे.

स्पॅनर_दहा_बारा

प्रश्न २. ती टी घेऊ नका.

सुझुकीच्या या इंजिनांत ऑइल प्रेशर स्विचचा आटा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचा निमुळता आटा) असतो, म्हणजे इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन. एनपीटी हे अमेरिकी माप, त्याला इंचाला २७ आटे आणि ६० अंश. व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळे एनपीटीची टी दोन-तीन फेरे अगदी छान जाते, म्हणून "बसते" म्हणतात. पुढे पाना लावून आवळलं की ब्लॉकमधले आटे खराब होतात आणि ते दुरुस्त करणं महाग काम आहे. आटा मोजायचा गेज कोणत्याही लेथवाल्याकडे असतो. मूळ स्विच काढून त्याच्या हातात द्या आणि २८ चं पान आट्यांत तंतोतंत बसतं का ते स्वतः बघा. मग १/८ बीएसपीटी बाहेरचा आटा ते तुमच्या सेंडरचा आटा, असा अॅडॅप्टर करून घ्या. सेंडर एम१०×१ आणि एनपीटी अशा दोन्ही आट्यांत येतात, त्यामुळे तोही मोजूनच घ्या.

दुसरी गोष्ट वजनाची. गेजचा सेंडर डबीएवढा असतो आणि मूळ स्विचच्या कितीतरी पट जड. पितळी टीवर तो आडवा लटकला आणि चार सिलिंडरचं इंजिन कंप पावत राहिलं की पितळ आट्याच्या मुळाशी तडकतं. तिथून ऑइल प्रेशरने बाहेर पडतं. घाटात हे झालं तर दिवा लागून तुमचं लक्ष जाईपर्यंत बेअरिंग गेलेलं असेल. म्हणून ब्लॉकवर फक्त अॅडॅप्टर, त्यातून ३०–४० सेंमीची स्टीलच्या जाळीची होज, आणि सेंडर बॉडीला ब्रॅकेटवर. पुढच्या उजव्या-डाव्या आतल्या पत्र्यांवर जागा मिळते, फक्त एक्झॉस्टपासून दूर राहा.

लाल दिवा काढून टाकू नका. दोन टर्मिनलचा सेंडर मिळतो, एकावर जी आणि दुसऱ्यावर डब्ल्यूके लिहिलेलं असतं. जी मीटरला जातं, डब्ल्यूके हा इशाऱ्याच्या दिव्याचा स्विच. मूळ स्विचची वायर डब्ल्यूकेला लावली की दिवा पूर्वीसारखा चालतो आणि टीची गरजच उरत नाही.

ऑइलची नळी केबिनमध्ये आणणारा मेकॅनिकल मीटर स्वस्त पडतो. घेऊ नका. त्याची बारीक नायलॉन नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) भोकात घासून फुटली तर गरम ऑइल पायावर येतं.

रानवाट

डब्ल्यूकेचं अजिबात माहीत नव्हतं, आभार. सेंडर ब्रॅकेटवर घेतला तर त्याची अर्थिंग कुठून येणार? आणि टेफ्लॉन टेप किती गुंडाळायची?

चौदा_व्होल्ट

एक-दोन टर्मिनलचे बहुतेक सेंडर स्वतःच्या अंगातूनच अर्थ घेतात. ब्रॅकेटचा रंग खरवडून बोल्ट लावा, शिवाय सेंडरच्या षटकोनावर क्लिप बसवून १ चौ. मिमीची वायर इंजिन ब्लॉकला न्या. मग मल्टिमीटर लावून सेंडरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत ओहम मोजा. अर्ध्या ओहमच्या खाली हवं.

टेप नकोच. जास्त फेरे झाले तर अर्थ तुटते, आणि टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर आणखी वाईट. आट्याला लावायचं सीलंट पेस्टमध्ये मिळतं, ते पहिले दोन आटे सोडून लावा. अॅडॅप्टर १२–१५ न्यूटनमीटरला आवळला की पुरे. टेपर, म्हणजे निमुळता, आटा असल्यामुळे तो बुडापर्यंत जाणार नाही, जबरदस्ती करू नका.

हेडलाइट किंवा हॉर्न लावल्यावर तापमानाचा काटा वर उडी मारत असेल तर सेंडर किंवा गेज खराब समजून बदलू नका. ती अर्थिंगची चूक असते. मीटरची अर्थ आणि इंजिनची अर्थ यांच्यात व्होल्टचा फरक पडतो आणि काटा तोच फरक दाखवतो.

घाटमाथा

प्रश्न ३. होजमधला अॅडॅप्टर चालतो, पण तो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही ते नीट समजून घ्या.

या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशी आहे आणि वरची होज त्याच्या पुढे. म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तुमच्या मीटरला इंजिनचं तापमान कळत नाही. सकाळी काटा बराच वेळ तळाशी राहील आणि मग झपकन चढेल, यात दोष काही नाही. धोका वेगळा आहे. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर आत पाणी उकळत असतं आणि होजमधला सेंडर गाडी थंड असल्याचं सांगतो. पाणी कमी झालं तरी तेच: सेंडर वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा खाली येतो. म्हणून कंपनीचा काटा काढू नका. त्याचा सेंडर थर्मोस्टॅटच्या अलीकडे आहे. दोन काटे एकमेकांशी जुळेनासे झाले की गाडी बाजूला घ्या.

एकाच सेंडरला दोन्ही मीटर जोडायची सूचना कोणी केली तर ऐकू नका, दोन्ही चुकीचे दाखवतील. इंजेक्शनच्या ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सेन्सर वेगळा आहे, त्या वायरला हात लावायचा नाही.

होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून मगच अॅडॅप्टर घ्या. ते दोन-दोन मिमीच्या फरकाने मिळतात आणि एक माप मोठा घेतला तर होज तडकते. सेंडरचं भोक वर नको, बाजूला किंवा किंचित खाली वळवा, म्हणजे तो पाण्यात बुडालेला राहतो. दोन्हीकडे रबर असल्यामुळे अॅडॅप्टर अधांतरी असतो, त्याला अर्थची वायर वेगळी हवीच. काम गार इंजिनवर करा, नंतर हीटर पूर्ण उघडा ठेवून हवा काढा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी पुन्हा बघा.

बसवण्याआधी सेंडर घरीच तपासून घ्या. तो दोऱ्याने पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. व्हीडीओचा १२० अंशांचा सेंडर ९० ला साधारण ५० ओहम आणि १०० ला ४० च्या जरा खाली दाखवतो. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, तेवढा फरक धरा. अमेरिकी पद्धतीच्या मीटरची ओहमची मापं निराळी असतात, म्हणून मीटर आणि सेंडर एकाच जोडीतले घ्या. प्रेशरमध्ये तर युरोपी सेंडर शून्याला १० ओहम दाखवतो आणि अमेरिकी २४०, म्हणजे चुकीची जोडी लावली तर काटा उलटाच चालेल.

ठोकापिटी

पट्टीबद्दल. टेपची जागा ५३ मिमी उंच आणि ५२ मिमीच्या मीटरची कड साधारण ६० मिमी. म्हणजे मीटर भोकात बसला तरी कड वर-खाली बाहेर येणार. पट्टी जागेच्या आत न बसवता वरून झाकणारी करा, १९० बाय ६८ मिमी, ३ मिमी जाडीचं काळं एबीएस प्लॅस्टिक. अॅक्रिलिक नको, ते चमकतं आणि भोक पाडताना कोपऱ्यातून तडकतं. पट्टीमागे वर-खाली हात जातो का आणि मीटरची खोली, टर्मिनलसकट, मावते का हे आधी पुठ्ठा कापून बघा.

भोकासाठी २ इंची होल सॉ, म्हणजे ५०.८ मिमी. मग अर्धगोल कानशीने ५२.५ पर्यंत वाढवा. ५४ चा सॉ सोपा वाटतो, पण त्यात मीटर खेळतो आणि तिन्ही काटे एका रेषेत राहत नाहीत. तिन्ही केंद्रं एकाच आडव्या रेषेवर आधी टोच्याने खुणून घ्या. अर्धा मिमी चुकला तरी डोळ्याला कळतं.

डॅशबोर्डचं प्लॅस्टिक दाणेदार आणि मंद आहे. एबीएसला २४० च्या पॉलिश पेपरने घासा, प्लॅस्टिक प्रायमरचा पातळ हात द्या, मग बंपरचा काळा टेक्स्चर स्प्रे. जवळून मारला तर तो ओला पडून गुळगुळीत होतो. ४०–५० सेंमीवरून, बाजूने हात फिरवत मारला की थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि दाणा येतो. टाकाऊ तुकड्यावर तीन अंतरांवर मारून बघा आणि तुकडे डॅशबोर्डला टेकवून दुपारच्या उन्हात तुलना करा. जुनं प्लॅस्टिक उन्हाने करडं पडलेलं असतं, नवी पट्टी त्यापुढे गडद दिसेल. चोवीस तासांनी करड्या स्कॉचब्राइटने हलकं घासलं की चमक उतरते आणि जुन्याशी जुळतं.

मीटरची कड क्रोमची आली असेल तर ती उपटू नका, ती दाबून बसवलेली असते. काचेवर मास्किंग टेप, ६०० चा पेपर आणि मॅट काळ्याचे दोन पातळ हात. पट्टीच्या सौंदर्यात निम्मा वाटा या कडेचा आहे.

रानवाट

आज क्लस्टर काढला. बल्ब साधे निघाले, रंग आतल्या फिल्टरचा आहे. म्हणजे टोप्या लावून प्रयोग करावा लागेल. शेवटचा प्रश्न, वायर कुठून घेऊ?

चौदा_व्होल्ट

दोन वेगळ्या लाइन. मीटरचा सप्लाय इग्निशन ऑन झाल्यावर येणाऱ्या वायरवरून, ३ अँपिअरचा इनलाइन फ्यूज आणि ०.७५ चौ. मिमीची वायर. व्होल्टमीटर मात्र रिलेमार्गे बॅटरीवरून घ्या. इग्निशन स्विच जुना असला तर त्यातच अर्धा व्होल्ट जातो, आणि १४ ऐवजी १३.५ बघून तुम्ही अल्टरनेटरवर संशय घ्याल. चालू गाडीत १३.८ ते १४.४ म्हणजे ठीक.

प्रकाशाची वायर पार्किंग दिव्यांबरोबर लागणाऱ्या क्लस्टरच्या लाइनवरून, १ अँपिअर फ्यूज घालून. वायरच्या रंगावर जाऊ नका. जिप्सीत हात फिरलेला असतोच, प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा. गाडीत मीटरचा उजेड कमी-जास्त करायचा डिमर असेल तर तो पॉझिटिव्हवर आहे की निगेटिव्हवर ते बघा. तो निगेटिव्हवर असेल तर नव्या बल्बची निगेटिव्ह बॉडीला न लावता डिमरच्या वायरला लावायची. नाहीतर बाकीचे मीटर मंद होतील आणि हे तीन भगभगत राहतील.

टोप्यांचं: पहिल्यांदा फक्त मधल्या मीटरला हिरवी टोपी चढवा, तिन्ही तात्पुरते जोडा आणि क्लस्टर जागेवर बसवून बघा. टोपीचा हिरवा फार गडद वाटला तर तिच्या टोकाला २ मिमीचं भोक पाडा. आतला पिवळा उजेड मिसळतो आणि पोपटी छटा येते.