पेनी ब्लॅकच्या एका पानावर २४० तिकिटं का?

ब्रिटनच्या टपाल तिकिटावर देशाचं नाव नसतं हा पब क्विझमधला (पबमध्ये रंगणाऱ्या प्रश्नमंजुषेतला) हमखास प्रश्न, असं एका पोस्टमध्ये वाचलं, ते अगदी खरं. पण त्याच ओघात तिथे पेनी ब्लॅकला, म्हणजे ब्रिटनच्या एक पेनी किमतीच्या पहिल्या टपाल तिकिटाला, ‘जगातलं सर्वांत दुर्मीळ तिकीट’ म्हटलंय, ते पटलं नाही. १८४० साली निघालेली ही तिकिटं ६ कोटी ८० लाखांच्या आसपास छापली गेली. जुनी आहेत, पण दुर्मीळ नाहीत.

लीड्सला असताना एका पब क्विझमध्ये आमच्या टेबलावरही सर्वांत दुर्मीळ तिकीट म्हणून पेनी ब्लॅक हेच उत्तर लिहून आम्ही गुण घालवला होता. क्विझ संपल्यावर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पाकिटातून एक पेनी ब्लॅक काढून दाखवलं. कडा कात्रीने कापलेल्या, कारण तेव्हा तिकिटं फाडून वेगळी करायला मधे छिद्रं नसायची. खालच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक अक्षरं होती. पानावरची ओळ आणि ओळीतली जागा त्यावरून कळते. पानात २० ओळी, प्रत्येकीत १२ तिकिटं. तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगचा एक पौंड असायचा. म्हणजे एक ओळ एक शिलिंगची आणि अख्खं पान, २४० पेन्स, बरोबर एक पौंडाचं! पोस्टातल्या कारकुनाचा हिशेब किती सोपा झाला असेल. मला विचाराल तर क्विझमध्ये प्रश्न हाच यायला हवा.