लष्करी हुद्द्याचे संचालक : सेंट पीटर्सबर्गचे बाझेन

दांडियाबजारकर, वडोदरा

सप्रेम नमस्कार. आम्ही काही निवृत्त स्थापत्य अभियंते अधूनमधून एकत्र बसतो आणि तंत्रशिक्षणाच्या इतिहासावर कोणीतरी टिपण वाचतो. मागच्या बैठकीत वडोदऱ्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचा विषय होता. १८९० मध्ये ही संस्था काढताना सयाजीराव महाराजांनी तिची सूत्रे त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे दिली. याउलट सेंट पीटर्सबर्गच्या दळणवळण अभियंता संस्थेचे १८२४ ते १८३४ या काळातील संचालक प्येर-दोमिनिक बाझेन हे रशियन सैन्यातील लेफ्टनंट जनरल म्हणून नोंदले गेलेले आढळतात. पुढचे टिपण मी त्यांच्यावर लिहीत आहे. एक लष्करी अधिकारी अभियांत्रिकी विद्यालयाच्या प्रमुखपदी कसा पोहोचला आणि त्याच्या कारकिर्दीत कवायतीपलीकडे काही घडले का, यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रावपुरेकर

आपल्या प्रश्नात क्रम उलटा लागला आहे, असे मला वाटते. बाझेन सैनिकाचे अभियंता झाले नाहीत. अभियंता असल्यामुळे त्यांना लष्करी हुद्दा मिळाला. ते मूळचे फ्रेंच, जन्म १७८६ चा, शिक्षण पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये. पहिल्या अलेक्झांडरने १८०९ मध्ये दळणवळण अभियंत्यांचे दल आणि त्यासाठी ही संस्था स्थापन केली, तेव्हा त्या दलाला लष्करी हुद्दे आणि गणवेश देण्यात आले. संस्थेचे पहिले प्रमुख ऑगस्टिन दे बेतान्कूर हे स्पॅनिश यंत्रज्ञही रशियात येऊन असेच जनरल झाले. हाताखाली शिकवायला माणसे हवी होती, म्हणून झारने नेपोलियनकडे अभियंते मागितले आणि १८१० मध्ये चौघे आले, त्यांपैकी बाझेन एक. दोनच वर्षांनी नेपोलियन रशियावर चालून गेला आणि या चौघांची रवानगी सायबेरियात इर्कुत्स्कला झाली! ते परतले १८१५ मध्ये, आणि पुन्हा कामाला लागले. ज्या सरकारने हद्दपार केले त्याच सरकारच्या संस्थेचे पुढे दहा वर्षे प्रमुख होणे, हा भाग टिपणात अवश्य यावा. हुद्द्यापेक्षा माणूस त्यातून अधिक कळतो.

(थोडे अवांतर : १८७० मध्ये मेट्झ येथे जर्मनांपुढे शरण गेलेले मार्शल बाझेन हे यांचेच पुत्र. नावांची गल्लत टाळावी.)

फतेगंजचा वाचक

कवायतीपलीकडे काय घडले, याविषयी लिहितो. आपल्यापैकी ज्यांनी सलग तुळईची (दोनहून अधिक आधारांवर टेकलेल्या तुळईची) बेंडिंग मोमेंट, म्हणजे तिला वाकवणारा परिणाम, क्लॅपेरॉनच्या थ्री मोमेंट सिद्धान्ताने काढली आहे, त्यांना हे क्लॅपेरॉन याच संस्थेत शिकवत होते, हे कदाचित ठाऊक नसेल. ते आणि गणितज्ञ गाब्रिएल लामे १८२० मध्ये तेथे आले व सुमारे दहा वर्षे राहिले. सिद्धान्त पुढे १८५७ चा, फ्रान्समधला. परंतु कमानींच्या स्थैर्यावरील त्या दोघांचा १८२३ चा निबंध सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या बांधकामातून निघाला, म्हणजे वर्गातील गणिताला शेजारच्याच पायाडाचा आधार होता. १८२६ पासून संस्थेने दळणवळणावरील नियतकालिक रशियन व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत काढले.

बाझेन स्वतःही प्रत्यक्ष कामावर असत. शहराच्या दक्षिणेच्या ओब्वोद्नी कालव्याचे काम त्यांच्याकडे होते. नोव्हेंबर १८२४ मध्ये समुद्राकडून आलेल्या वाऱ्याने शहरातून वाहणाऱ्या नेव्हा नदीचे पाणी नेहमीच्या पातळीच्या चार मीटरहून अधिक वर चढले आणि शहर बुडाले. त्यानंतर त्यांनी फिनलंडच्या आखातात बंधारा घालण्याची योजना मांडली. आपल्या वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीचा पूर वरून वाहत येतो, नेव्हाचे पाणी समुद्राकडून उलटे रेटले जाते. त्यामुळे काठ उंच करून भागणार नाही, खाडीचे तोंडच अडवावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते. योजना तेव्हा कागदावरच राहिली. आखातातील बंधारा पुरा झाला तो २०११ मध्ये.

मांजलपूरकर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मात्र लष्करी हुद्द्याला केवळ दिखाऊ ठरवण्याशी मी सहमत नाही. ज्या राज्यात हुद्द्यावाचून कोणी ऐकत नसे, तेथे ठेकेदार आणि प्रांताधिकारी यांच्याकडून काम करवून घेण्यासाठी अभियंत्याला गणवेशाचा उपयोगच होता. आपल्याकडेही रूरकीचे कॉलेज १८४७ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य बंगाल इंजिनिअर्स या लष्करी अभियंता दलाचे लेफ्टनंट मॅक्लॅगन होते, आणि विद्यार्थी तयार करायचे होते गंगा कालव्याच्या, म्हणजे पूर्णपणे नागरी कामासाठी.

संचालकाची पारख त्याच्या विद्यार्थ्यांवरून करावी, म्हणून पावेल मेल्निकोव्ह यांना टिपणात जागा द्यावी. ते १८२५ मध्ये, म्हणजे बाझेन यांच्याच काळात उत्तीर्ण झाले, तेथेच प्राध्यापक झाले आणि १८३९ मध्ये रेल्वे पाहण्यासाठी अमेरिकेला गेले. १८५१ मध्ये खुल्या झालेल्या पीटर्सबर्ग–मॉस्को मार्गाचे ते एक प्रमुख अभियंता होते. त्या मार्गासाठी दोन रुळांमध्ये पाच फुटांचे अंतर ठरले, तेच पुढे साऱ्या रशियन रेल्वेचे झाले. १८६५ मध्ये मेल्निकोव्ह दळणवळण खात्याचे मंत्री झाले, आणि तोपर्यंत संस्थेची लष्करी चौकट मोडून ती नागरी झाली होती.