मदत हवी आहे : रांगणा किल्ल्यावर एकट्यानं जावं का?

वडील गेल्यापासून डोंगरात एकटं चाललं की जीव शांत होतो, म्हणून सोबत नकोच आहे. पन्हाळा, जोतिबा झालं. मसाई पठारावर मागच्या खेपेला कड्याशी बसलो होतो, गवतातनं वारं सळसळत होतं, तेवढ्यात मागं कुणीतरी स्पीकर लावला.

आता कोल्हापुरातून पहाटे बाईकनं निघून गारगोटी, पाटगावमार्गे रांगणा. अंधाराआधी परत, मुक्काम जमणार नाही. पाणी, शिट्टी, टॉर्च असतं, घरी वेळ सांगून जातो. पावसात जाणार नाही, डिसेंबरातच.

भटवाडी ते चिक्केवाडी जंगलवाटेवर गव्यांचा वावर कितपत? मोबाईलची रेंज कुठं संपते? आणि चिक्केवाडीत नुसती वाट दाखवून मागं फिरणारा कुणी मिळेल का?