गणिताच्या बाईंनी इंग्रजीचंही ओझं का घ्यायचं?

खडूफळा:
मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. इथला नियम असा: वर्गात इंग्रजी शिकत असलेलं एक जरी मूल असलं, तरी गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवणाऱ्याकडेसुद्धा 'शेल्टर्ड इंग्लिश इमर्शन'चं (एसईआय), म्हणजे विषय इंग्रजीतूनच पण इंग्रजी शिकत असलेल्या मुलाला समजेल असा शिकवता येतो याचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर वर्षभरात मिळवायचं. परवा स्टाफरूममध्ये यावरून चांगलीच जुंपली. माझं मत आधीच सांगते: नियम योग्य आहे आणि फार उशिरा आला.

१९७१ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. २००२ च्या सार्वमतात लोकांनी तो उलटवला आणि सगळं इंग्रजीतूनच शिकवायचं ठरलं. पण ते कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण सक्तीचं नव्हतं. २०११ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं राज्याला सुनावलं की हा समान संधीच्या कायद्याचा भंग आहे, तेव्हा कुठे २०१२ मध्ये हे नियम आले.

एक माझीच चूक सांगते, या प्रमाणपत्राचा कोर्स करायच्या आधीची. ब्राझीलहून आलेली मुलगी. उत्तर होतं पावणेचार. तिनं लिहिलं ३,७५. मी लाल गोल केला. पुढच्या चाचणीत पुन्हा तेच, पुन्हा गोल. तिसऱ्यांदा तिनं उत्तराची जागा कोरीच सोडली. ब्राझीलमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम देतात हे मला ठाऊकच नव्हतं! गणित तिला येत होतं, येत नव्हतं ते मला.

उंटावरचा_शहाणा:
गोष्ट छान आहे, पण त्यासाठी ४५ तासांचा कोर्स कशाला? एक पानभर माहितीपत्रक पुरलं असतं. माझी बायको विज्ञान शिकवते. सुरुवातीची चार वर्षं राज्यानं हा कोर्स नोकरीतल्या शिक्षकांना फुकट दिला. ती नंतर लागली, त्यामुळे पैसे पदरचे आणि संध्याकाळीही पदरच्या. तिच्या वर्गात अशी सहा मुलं. त्यांना खरी गरज आहे ती वर्गात शेजारी बसणाऱ्या ईएसएल शिक्षिकेची, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणारीची. तिच्या पगाराला पैसे नाहीत, मग काय करा, तर सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटा. कागद झाला की सरकार मोकळं.

पुण्याचं_पार्सल:
मला तर हे सगळे लाडच वाटतात. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली, अकरावीला सायन्सला एकदम इंग्रजीत जाऊन पडलो. गटांगळ्या खाल्ल्या, पोहायला शिकलो. इथे न्यू जर्सीत मुलीला केजीत घालताना फॉर्मवर 'घरातली भाषा: मराठी' असं प्रामाणिकपणे लिहिलं, तर तिला बसवली इंग्रजीच्या चाचणीला. आता रोज अर्धा तास वर्गातून उचलून नेतात. इथेच जन्मलेली पोर! शेजाऱ्यांनी 'इंग्लिश' लिहिलं, सुटले.

खडूफळा:
पार्सल, एक आठवून बघा. पाचवीत बाई इंग्रजी वाक्य वाचायच्या आणि लगेच मराठीत अर्थ सांगायच्या की नाही? भूगोल, इतिहास, गणित सगळं मराठीतच होतं ना? मग तुम्ही पाण्यात पडलात कुठे, काठावर धरून ठेवलं होतं तुम्हाला. २००२ मध्ये इथल्या मतदारांनी नेमकं तेच काढून घेतलं. अकरावीत जे गटांगळ्या खाऊन बुडाले, ते आज इथे लिहायला आलेले नाहीत, एवढंच.

चाचणीबद्दल: फॉर्ममुळे मूल फक्त चाचणीपर्यंत जातं. पुढचं गुणांवर ठरतं. पटत नसेल तर पालक ती मदत नाकारू शकतात, मात्र दर वर्षीची इंग्रजीची परीक्षा चुकत नाही.

उंटावरचे, पैशांचं तुमचं म्हणणं मान्य. पण 'ईएसएल शिक्षिका हवी' आणि 'विषयशिक्षकालाही कळायला हवं' यात एकच निवडा असं कोणी सांगितलं? ती शिक्षिका तासभर येते, उरलेले पाच तास मूल आमच्यासमोर असतं. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकल्समध्ये, सर्वोच्च न्यायालय हेच म्हणालं: सगळ्यांना तेच पुस्तक, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही.

सातपुडा:
मेळघाटात जिल्हा परिषद शाळेवर आहे, म्हणून मध्येच तोंड घालतो. पहिल्या वर्षी माझ्या वर्गातली सगळी पोरं कोरकू बोलणारी आणि मला कोरकूचा एक शब्द येत नव्हता. पोरं दिवाळीपर्यंत गप्प. मला वाटलं, बुजरी आहेत. शेवटी चौथीतल्या एका मुलीला दुभाषी केलं आणि तिच्याकडूनच शिकलो. शिक्षणहक्क कायद्यात मातृभाषेतून शिकवा असं आहे, पण 'शक्य असेल तिथवर'. या तीन शब्दांत सगळं मुरतं. तुम्ही ४५ तासांवर भांडताय, मला ४५ मिनिटंही कोणी दिली नव्हती.

उंटावरचा_शहाणा:
सर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. तुम्ही प्रमाणपत्रानं नाही, त्या मुलीकडून शिकलात. आणि २०१७ च्या नव्या कायद्यानं इथल्या शालेय जिल्ह्यांना पुन्हा द्विभाषिक वर्ग काढायची मोकळीक दिली, ते ठीक. पण त्या ब्राझीलच्या मुलीसाठी पोर्तुगीज येणारे गणिताचे शिक्षक कुठून आणणार? कायदा लिहिणाऱ्याला शाई लागते, पाळणाऱ्याला माणसं.

सातपुडा:
चौथीतल्या मुलीच्या जिवावर शाळा चालवायची का, एवढं सांगा. तिचा स्वतःचा अभ्यास बुडत होता.

पुण्याचं_पार्सल:
बरं, काठाचा मुद्दा थोडा लागला. पण धाकट्याचं नाव सप्टेंबरात घालायचंय. फॉर्मवर काय लिहू?

खडूफळा:
मराठी. घरात बोलता ना?

उंटावरचा_शहाणा:
आणि बायकोच्या कोर्सचं बिल कोणाच्या नावे लिहू, तेही सांगा.